टेबलातले माजी अध्यक्ष

टेबल हसत नाही, डोळे मिटत नाही, ऐन वेळी शिंकत नाही आणि ‘माझी डावी बाजू चांगली येते’ असंही म्हणत नाही. तेव्हा टेबलाचा फोटो काढणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम असणार, अशी माझी समजूत होती. ती ज्यांनी मोडली त्या सगळ्यांचा मी आभारी आहे, पण त्यांच्याशी सध्या बोलत नाही.

टेबल आमच्या वाचनालयातलं. दालनाच्या मधोमध पसरलेलं, सागवानी, एखादं कुटुंब पाहुण्यांसकट झोपू शकेल एवढं लांब. मी जन्मभर लाकडाला पॉलिश करत आलो. हात थरथरायला लागल्यावर मुलीने काम बंद करायला लावलं, आणि मीही केलं. पण वाचनालयाच्या कमिटीने ठरवलं की हे टेबल फार कळकट दिसतं, यावर सनमायका ठोकून टाकू. ते ऐकलं आणि मला बसवेना. मला अक्षरं उशिरा आली, आणि ती याच टेबलाशी आली. संध्याकाळच्या वर्गात ‘क’ गिरवायला बसलो तेव्हा माझ्या मिशा पिकायला लागल्या होत्या. ज्या लाकडावर कोपर टेकून मी माझं स्वतःचं नाव पहिल्यांदा वाचलं, त्याच्यावर ही मंडळी प्लॅस्टिकचा कागद चिकटवणार होती.

मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, “आधी मला पॉलिश करू द्या. पटलं नाही तर खुशाल ठोका. मी फुकट करीन.”

फुकट हा शब्द कमिटीला फार पटकन कळतो. ठराव झाला. फक्त शेवटी एक ओळ जोडली गेली : काम पूर्ण झाल्याचा फोटो सादर करावा, तो मंजूर न झाल्यास वार्षिक सभेनंतर सनमायका बसवण्यात यावा.

ही ओळ हेडक्लार्कची. त्यांना सगळे शेरेबहाद्दर म्हणतात. समोर येईल त्या कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मी त्यांना विचारलं, “भाऊसाहेब, टेबल तुमच्या शेजारच्या खोलीत आहे. उठून पाहिलंत तर?”

“पाहीन की. पण टेबल फायलीत लावता येत नाही.”

मी कामाला लागलो. जुना थर खरवडला, पॉलिशपेपर मारला, चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवली, आणि कापडाचा बोळा करून हातावर हात देत गेलो. आमच्या धंद्यात थराला ‘हात’ म्हणतात. एक हात सुकला की दुसरा, तो सुकला की तिसरा. शेवटचा हात दिल्यावर टेबल असं उजळलं की छताचा पंखा खाली फिरतोय असं वाटावं. वाचनालयाचा शिपाई त्यावर पेपर ठेवायला गेला आणि ‘ओलं आहे का हो?’ म्हणून थबकला. माझ्या लेखी तो मोठा पुरस्कार होता.

फोटोसाठी आमचे जावई आले. त्यांच्याकडे चांगला कॅमेरा आहे आणि फोटोचं वेड आहे. जेवणाचं ताट समोर आलं तरी आधी त्याचा फोटो काढतात, आणि तेवढ्या वेळात आमची ही गरम वाढल्याबद्दल पस्तावते. त्यांनी टेबलाच्या एका टोकाला उभं राहून सुरेख फोटो काढला. मी तो शेरेबहाद्दरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि शेरा मारला : फोटोत अन्य व्यक्ती दिसत आहे. नामंजूर.

“कोण व्यक्ती? दालनात मी आणि जावई. जावई कॅमेऱ्यामागे, मी जावयांमागे.”

शेरेबहाद्दरांनी पेन्सिलीचं टोक फोटोवर ठेवलं. “हे कोण?”

टेबलाच्या पलीकडच्या भिंतीवर वाचनालयाच्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी आहेत. त्यात सगळ्यात ताजी आणि सगळ्यात मोठी तसबीर नुकत्याच पायउतार झालेल्या अध्यक्षांची. माझ्या पॉलिशमध्ये ती तसबीर दातांसकट उतरली होती. माजी अध्यक्ष डोकं खाली करून टेबलात बसले होते आणि हसत होते.

आता आजी आणि माजी अध्यक्षांमधून विस्तव जात नाही, हे गावभर ठाऊक. नव्या अध्यक्षांनी निवडून आल्यावर पहिलं काम केलं ते खुर्चीवरची गादी बदलण्याचं. “असा फोटो मी साहेबांपुढे ठेवला,” शेरेबहाद्दर म्हणाले, “तर पुढची गादी माझी बदलेल.”

“मग तसबीर थोडा वेळ उतरवतो.”

“तिला ठराव लागतो. मागे एकांची तसबीर जळमटं काढायला उतरवली, तर त्यांचे पुतणे शोकसभा कधी म्हणून विचारायला आले. ज्यांची तसबीर, ते स्वतः पुतण्यांच्या मागे उभे होते.”

“बरं, वर कापड टाकतो.”

“कापड टाकाल, पण काढायचं म्हणजे अनावरण झालं. अनावरणाला प्रमुख पाहुणे लागतात.”

दुसऱ्या टोकाने फोटो काढून पाहिला. तिकडून समोर खिडकी येते. फोटोत टेबलाच्या जागी नुसता पांढरा लखलखाट आला, कुणी दूध सांडल्यासारखा.

घरी आलो तर जिन्यातच सल्ल्यांना सुरुवात झाली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “काका, अंधारात काढा ना फोटो. अंधारात काही दिसतच नाही, मग माजी अध्यक्ष कुठून दिसणार?” समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, “टेबलावर टाल्कम पावडर भुरभुरा. चकाकी लगेच बसते.” माझ्या पॉलिशवर पावडर! मी मास्तरांचा मान राखून दार लावलं, जरा जोरात लागलं.

मार्ग सुचवला तो खालच्या चष्मेवाल्याने. “काका, पोलरायझिंग फिल्टर घ्या. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायची काच असते. चकाकी खाऊन टाकते.”

“खाते म्हणजे?”

त्याने मला स्टुलावर बसवलं. “असं बघा. उजेड हलत हलत येतो. उभा हलतो, आडवा हलतो, तिरका हलतो, सगळे मिळून गर्दीने येतात. पण पाणी, काच, तुमचं पॉलिश असल्या गुळगुळीत गोष्टीवर तो तिरका आपटून परतला की त्यातला बहुतेक आडवा हलणारा उरतो. ती चकाकी. आता या फिल्टरला उभ्या गजांचं फाटक समजा. त्यातून खाट आडवी धरून नेता येईल का?”

“नाही. उभी करावी लागेल.”

“झालं तर! आडवा उजेड फाटकाशी अडकतो, बाकीचा आत जातो. कडं फिरवायचं, गज बरोबर उभे झाले की माजी अध्यक्ष बाहेर. लाकूड मात्र दिसतं, कारण लाकडाच्या आतून येणारा उजेड सगळ्या बाजूंनी हलत असतो.”

मला हे इतकं पटलं की त्याच पावली कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एका खणातून जुन्या बनावटीचा फिल्टर काढून दिला. दिसायला काळसर काच, भोवती फिरणारं कडं. घरी येईपर्यंत मी त्यातून सगळं गाव पाहून घेतलं. आभाळ गडद झालं, पानांवरची पांढरी झाक गेली, उभ्या मोटारीच्या काचेतून आत घोरणारा ड्रायव्हर दिसला. तोही जागा होऊन माझ्याकडे पाहायला लागला, तेव्हा मी चालू लागलो.

घरात आमची ही टीव्हीवर मालिका बघत होती. मी दाराशी उभा राहून फिल्टर डोळ्याला लावला, कडं फिरवलं आणि ओरडलो, “अगं, टीव्ही गेला!”

“कुठे गेला? रडतीये की ती समोर.”

“काळाकुट्ट झालाय!”

“अहो, ते डोळ्यावरचं झाकण काढा आधी. आणि बाजूला व्हा, सासू आत्ता खरं बोलणार आहे.”

टीव्हीतून येणारा उजेड आधीच एका बाजूने हलणारा असतो, म्हणून तो फाटकाशी अडतो, हे चष्मेवाल्याने नंतर सांगितलं. हिला मी ते समजावायला गेलो तेव्हा सासू खरं बोलून गेली होती. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

जावई रविवारशिवाय मोकळे नसतात. मला दम निघेना. वार्षिक सभा जवळ येत होती आणि सनमायकावाला टेबलाची मापं घेऊन गेल्याची बातमी वाचनालयाच्या व्हरांड्यात होती. मी मुलीकडून कॅमेरा आणला, पुढे फिल्टर फिरवून बसवला आणि एकटाच गेलो. कडं फिरवताना पाहतो तर काय, माजी अध्यक्ष खरोखर विरघळायला लागले. कोट गेला, कान गेले. पण दात आणि चष्म्याची काडी काही केल्या जाईना. टेबलात नुसतं हसू उरलं, आणि ते आधीपेक्षा वाईट दिसत होतं.

इथे माझा जन्मभराचा धंदा आडवा आला. पॉलिशच्या माणसाला एका हाताने काम भागलेलं माहीतच नाही. एका हाताने कोट गेला, तर दुसऱ्या हाताने दात जातील, हा सरळ हिशेब. मी तसाच दुकानात गेलो, त्याच खणातला दुसरा फिल्टर आणला, पहिल्यावर चढवला आणि कडं फिरवू लागलो.

दालन हळूहळू अंधारायला लागलं. आधी कोपरे, मग भिंती, मग टेबल. शेवटी काही म्हणजे काही दिसेना.

“लाईट गेली!” मी डोळा कॅमेऱ्याला लावूनच हाक मारली.

शिपाई धावत आला. “नाही हो काका, आहे की.”

“गेली म्हणतो ना. वायरमनला बोलाव.”

शेजारीच काम करणारा वायरमन शिडी घेऊन आला. मी कॅमेऱ्यातून पाहत सूचना देत होतो आणि तो वर चढून दिवे तपासत होता. “काका, हा चालू. हाही चालू.” “नाही रे, बंद आहे.” “अहो, हाताला चटका बसला मला!” एवढ्यात वाचायला आलेली दोन माणसं उठून गेली. बाहेर त्यांनी काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी कळलं : पॉलिशकाकांची दृष्टी गेली, टेबलाच्या ध्यासापायी गेली.

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. मोतीबिंदू एका दमात उतरला असं समजून मी शिपायाचा हात धरून, डोळे गच्च मिटून चष्मेवाल्याकडे गेलो. डोळे मिटायचं काही कारण नव्हतं, पण घाबरलेला माणूस तेवढा विचार करत नाही. त्याने माझे डोळे तपासले, मग कॅमेरा तपासला, आणि काउंटरखाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

“काका,” वर येऊन तो म्हणाला, “एक फाटक उभ्या गजांचं आणि त्यापुढे दुसरं आडव्या गजांचं. जे पहिल्यातून सुटलं ते दुसऱ्यात अडकलं. उजेड येणार कुठून? दोन कशाला लावलेत?”

“एक हात कधी पुरतो का?” मी म्हणालो. तो पुन्हा काउंटरखाली गेला.

रविवारी जावई आले. त्यांनी दुसरा फिल्टर काढून माझ्या खिशात ठेवला आणि शिपायाकडून स्टूल मागवलं. “बाबा, एकच पुरतो. फक्त कोन साधायला हवा. फार खालून नाही, फार वरून नाही. ठराविक तिरकेपणा आला की जवळजवळ सगळी चकाकी जाते.” स्टुलावर चढून त्यांनी जरा पुढेमागे केलं, कडं फिरवलं आणि फोटो काढला.

काय फोटो होता तो! माजी अध्यक्षांचा मागमूस नाही. सागाची एकेक रेघ, एकेक गाठ उठून दिसत होती, रंग असा गहिरा की लाकूड नुकतंच कापलंय असं वाटावं. मी तो छापून घेतला आणि इस्त्रीचा सदरा घालून शेरेबहाद्दरांकडे गेलो.

त्यांनी फोटो उजेडात धरला. “व्यक्ती नाही. छान.” मी खुर्चीत जरा मागे रेललो. “पण पॉलिश कुठे आहे?”

“म्हणजे?”

“लाकूड दिसतं. पॉलिश दिसत नाही. चकाकी कुठाय? हा फोटो पॉलिशच्या आधीचा तर नाही ना, काका?”

मी फोटो हातात घेतला आणि उजेडाकडे नेऊन पाहिला. माणूस म्हणत होता ते खरं होतं. माजी अध्यक्षांना बाहेर काढताना मी माझं सगळं काम त्यांच्याबरोबर बाहेर काढलं होतं. थरावर थर देऊन आणलेलं तेज फाटकाबाहेर खाटेसारखं अडकून पडलं होतं. स्वतःच्या पॉलिशचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसणारा मी धंद्यातला पहिलाच असेन. शेरा आला : काम झाल्याचे दिसून येत नाही. नामंजूर.

“अहो, पण टेबल तिथे आहे! हात लावून बघा!”

“मी हात लावला तरी तो हात फायलीत लावता येत नाही.”

जावयांनी अजून एक युक्ती केली. कडं अर्धवट फिरवलं, म्हणजे चकाकी अर्धी राहते. फोटोत टेबल मंद उजळलं आणि माजी अध्यक्ष धुक्यातून आल्यासारखे दिसले. शेरा : अर्धी व्यक्ती दिसते, अर्धे पॉलिश दिसते. दोन्ही कारणांनी नामंजूर.

मग मी हरलो. ही म्हणाली, “जेवा चार घास. टेबलच तर आहे.” आणि लगेच म्हणाली, “नाही, नुसतं टेबल नाही, ठाऊक आहे मला.” मी जावयांना फोन केला. “उद्या सकाळी सुट्टी काढून या. फिल्टर नको, मंजुरी नको. सनमायकाखाली जाण्याआधी टेबल जसं आहे तसा एक फोटो मला घरात लावायला हवा.”

सकाळी आम्ही गेलो तर दालनात खुद्द अध्यक्ष हजर. बरोबर शेरेबहाद्दर आणि सनमायकाच्या नमुन्यांचा गठ्ठा. “या, या, पॉलिशकाका! तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, तर रंग तुम्हीच निवडा. हा बदामी बघा, हा लाकडासारखाच दिसतो.”

लाकडासारखा दिसतो. लाकडावर ठेवून दाखवत होते मला. मी म्हणालो, “साहेब, मी फक्त एक फोटो काढून जातो. रंग तुमच्या आवडीचा घ्या.” आणि जावयांना खूण केली.

जावयांनी टेबलाच्या टोकाला कॅमेरा रोखला. पलीकडे, तसबिरींना पाठ करून, अध्यक्ष नमुने मांडायला वाकले, आणि वाकता वाकता थांबले.

“अरे,” ते म्हणाले, “हा कोण?”

शेरेबहाद्दरांनी घाबरून तसबिरीकडे पाहिलं. पण तसबीर अध्यक्षांच्या पाठीमागे झाकली गेली होती. टेबलात अध्यक्ष होते. सगळेच्या सगळे, बटणांसकट. त्यांनी मान डावीकडे केली, टेबलातल्याने केली. त्यांनी कॉलर नीट केली, पोट आत घेतलं, उभे राहिले, आणि नमुन्यांचा गठ्ठा हळूच खुर्चीवर ठेवला. तो टेबलात मध्ये येत होता.

खट्. जावयांनी फोटो काढला.

“माझा आला का त्यात?” अध्यक्षांनी विचारलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी तो तीनदा पाहिला. टेबल लखलखत होतं आणि त्यात ते होते. “वा! याला म्हणतात पॉलिश! भाऊसाहेब, याची एक प्रत फायलीला लावा.”

“साहेब, पण त्यात व्यक्ती…” शेरेबहाद्दरांच्या तोंडून सवयीने निघालं.

अध्यक्षांनी फक्त पाहिलं.

“…पदसिद्ध आहे,” शेरेबहाद्दर म्हणाले. “पदसिद्ध व्यक्ती दिसल्यास हरकत नाही.” आणि तिथल्या तिथे, माझ्या जन्मात पहिल्यांदा, मंजूर असा शेरा मी वाचला. अक्षर वाईट होतं, पण वाचला.

तरी टेबल वाचलं असं मी त्या दिवशी मानलं नाही. यंदा मंजूर, पुढच्या वर्षी चकाकी उतरली की पुन्हा सनमायका, हे मला कळत होतं. ती धास्ती गेली ती अध्यक्षांच्याच हौसेमुळे. त्यांना तो फोटो मोठा करून दालनात लावायचा होता. भिंतीवर फक्त माजी अध्यक्ष लागतात असा नियम. पण हा टेबलाचा फोटो, त्यात अध्यक्ष योगायोगाने आलेले, असा ठराव झाला. माजींच्या तसबिरीशेजारी, तिच्यापेक्षा चार बोटं मोठी चौकट लागली.

लागल्यावर लक्षात आलं की टेबलातलं प्रतिबिंब उलटं असतं. प्रत्यक्ष उभे राहिलेले अध्यक्ष फोटोच्या वरच्या बाजूला मानेपाशी कापले गेले होते, आणि चेहरा दिसत होता तो फक्त टेबलातल्यांचा, खाली डोकं, वर पोट असा. शिपायाने चौकट उलटी टांगून पाहिली. अध्यक्ष सरळ झाले, पण टेबल छताला लटकलं आणि खाली बसणाऱ्या सभासदांना ते अंगावर पडेल असं वाटायला लागलं. चौकट पुन्हा सुलट केली. कमिटीतले काही जण जमिनीकडे पाहत होते, आणि त्यातल्या एकाची नजर वाटेत टेबलावर थांबली.

“साहेब,” तो म्हणाला, “इथे बघा.”

भिंतीवरचे उलटे अध्यक्ष टेबलात उतरले होते, आणि टेबलात ते बरोबर सरळ होते. उलट्याचं उलटं. शेजारच्या सरळ तसबिरीतले माजी अध्यक्ष मात्र डोक्यावर उभे.

त्या बैठकीत एकमताने ठरलं की टेबलावर कधीही सनमायका बसवू नये, टेबलक्लॉथ घालू नये, दरवर्षी पॉलिश करावं आणि वाचनालयात कोणी पोलरायझिंग फिल्टर आणू नये. तशी पाटी दाराशी लावली आहे. फिल्टर म्हणजे काय हे कुणाला माहीत नसल्यामुळे लोक सिगारेट बाहेर विझवून आत येतात.

पॉलिश अर्थात माझ्याकडेच आहे. परवा यंदाचा हात देत होतो तेव्हा ही डबा घेऊन आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग वाकून टेबलात पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे.

“अहो, म्हणजे तुम्ही बोळा फिरवला नाही, तर हे साहेब असेच लटकत राहणार?”

“हळू बोल,” मी म्हणालो. दाराशी अध्यक्ष येऊन उभे होते.

ते जवळ आले, टेबलात वाकले, कपाळाला आठी घातली. मग मला कधी नव्हे ते हात जोडून म्हणाले, “काका, हनुवटीपाशी जरा पुसट वाटतंय. घाई नाही. तुम्ही आधी जेवून घ्या.”

मी डबा उघडला आणि सावकाश जेवलो.